देवांची यादवी

आपल्या देवादिकांची नावे परक्या लेखकाच्या ललितकृतीत आढळली म्हणजे आपल्या वाचकांच्या मनात दोन विकार एकदम जागृत होतात. एक अभिमानाचा व दुसरा संशयाचा. आमच्या पुराणांवाचून ह्यांचेही चालत नाही, असे एक मन म्हणते. आणि ह्यांस आमच्या पुराणांतले काय कळते, असे दुसरे मन लगोलग विचारते. रॉजर झेलाझ्नी ह्या अमेरिकन कादंबरीकाराची 'लॉर्ड ऑफ लाइट' ही कादंबरी हाती घेताना हे दोन्ही विकार घटकाभर बाजूस ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांच्या क्षेत्रातील ह्यूगो पारितोषिक मिळाले, आणि तिकडे अद्यापि ती आवडीने वाचली जाते. आपल्या देवतांची थट्टा म्हणून तिच्यावर रागावणे सोपे आहे. आपल्या तत्त्वज्ञानाचा गौरव म्हणून तिच्यावर खूश होणे त्याहूनही सोपे आहे. आमच्या मते ती थट्टाही नव्हे व गौरवही नव्हे. धर्मसत्ता आणि जातिसत्ता एकाच मुठीत आल्या म्हणजे काय होते, आणि त्या सत्तेत यादवी माजली म्हणजे खालच्या माणसाच्या पदरी काय पडते, हे दोन प्रश्न तिच्या पोटात आहेत. पहिल्याचे उत्तर कादंबरीकाराने फार समर्थपणे दिले आहे. दुसऱ्याचे त्याने दिले की नाही, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात सांगावयास हवे. कालांतराने पृथ्वी नाहीशी झाली आहे. तिची आठवण 'उरथ' ह्या अपभ्रष्ट नावाने तेवढी शिल्लक आहे. 'स्टार ऑफ इंडिया' नावाचे एक आकाशयान फार पूर्वी एका दूरच्या ग्रहावर उतरले. त्या ग्रहावर मूळचे रहिवासी होते. त्यांच्याशी लढून यानावरच्या माणसांनी तेथे वसाहत केली. लढता लढता यानाच्या खलाशांना काही विलक्षण मानसिक शक्ती प्राप्त झाल्या, यंत्रविद्या तर त्यांच्याजवळ होतीच, आणि एका शरीरातले मन काढून दुसऱ्या नव्या शरीरात घालण्याची युक्तीही त्यांना साधली. येणेप्रमाणे मृत्यू जिंकल्यावर त्यांनी देव होण्याचे ठरविले. कोणी ब्रह्मा झाला, कोणी काली झाली, कोणी अग्नी झाला. यानातून आलेल्या उतारूंचे वंशज खाली नगरांतून व खेड्यांतून राहू लागले, वर्णांत विभागले गेले, आणि आपल्याच पूर्वजांच्या सोबत्यांची पूजा करू लागले. खाली कोणी एखादा शोध लावला, छापण्याचे यंत्र बनविले, की वरून त्याचा बंदोबस्त होतो. यंत्रविद्या सर्वांना द्यावी असे म्हणणारा एक पक्ष देवांत होता, तो हरला. त्या पक्षाचा उरलेला माणूस म्हणजे कथानायक सॅम. लोक त्याला महासमात्मन् म्हणतात. सिद्धार्थ, तथागत, मैत्रेय, कल्की अशी त्याची आणखीही नावे आहेत.

कथेची मांडणी थोडी आडवळणाची आहे. प्रकरणे सात, त्यांतील पहिले प्रकरण कालक्रमाने सहाव्याच्या नंतरचे. कीनसेट नगरीजवळ देवादेवांत घनघोर युद्ध होऊन गेले आहे, सॅमचा पराभव झाला आहे, देव त्याला ठार मारण्याचे टाळून त्याचे मन ग्रहाभोवतीच्या एका तेजोमय मेघात सोडून देतात, आणि कित्येक वर्षांनी यम त्याला यंत्राच्या साहाय्याने पुन्हा देहात खेचून आणतो. येथून पुस्तक सुरू होते. म्हणजे वाचकाची पहिली भेट होते ती युद्धाने खिळखिळ्या झालेल्या स्वर्गाशी. ह्यामुळे आरंभी थोडा गोंधळ उडतो खरा. परंतु सर्व पुस्तक संपल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचले असता त्याची गोडी दुणावते.

आता ह्या पुस्तकाचे जे खरे बळ, त्याकडे वळू. ते युद्धवर्णनात नाही, देवांच्या अस्त्रांत नाही, आणि अधूनमधून येणाऱ्या भारदस्त शैलीतही नाही. ते दुसऱ्या प्रकरणातल्या एका कचेरीत आहे. राजा सिद्धार्थ म्हातारा झाला आहे आणि नवे शरीर घेण्यासाठी महार्थ नगरात येतो. पूर्वी हे काम सोपे असे. द्रव्य द्यावे आणि तरुण देह घ्यावा. आता तेथे कर्माधिपती बसले आहेत. नवे शरीर देण्यापूर्वी ते उमेदवाराचे मन यंत्राने तपासतात. त्याने देवांविरुद्ध काही विचार केला होता काय, देवळात किती वेळा गेला, प्रार्थनेच्या यंत्रात किती नाणी टाकली, ह्या सर्वांचा हिशेब निघतो. हिशेब चांगला असेल तर वरच्या वर्णातले निरोगी शरीर. वाईट असेल तर रोगी शरीर, किंवा कुत्र्याचे, किंवा वानराचे. स्वर्गाच्या दफ्तरखान्यावर ज्याची नेमणूक होती तो टॅक पुढे वानर होऊन झाडावर बसलेला आपणांस दिसतो. प्रत्यक्ष ब्रह्म्याकडून गोड आश्वासन मिळालेल्या सिद्धार्थासाठी अपस्माराने जर्जर असे शरीर योजलेले होते. तो सावध होता म्हणून ते दुसऱ्याच एका राजाच्या वाट्यास जाते.

झेलाझ्नी हा त्या काळी अमेरिकन सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्यात नोकरीस होता. म्हातारपणाची वेतने आणि अपंगांचे हक्क ज्या खात्यातून ठरतात ते हे खाते. कर्माधिपतींच्या कचेरीत कागदी कारभाराचा जो वास येतो तो तेथून आला असावा, असे आम्हांस वाटते. पण अनुभव कोठूनही आलेला असो, त्यातून जे निष्पन्न झाले आहे त्याची योग्यता आपल्याकडच्या वाचकास विशेष कळावी. वर्णव्यवस्थेचे आपल्याकडील समर्थक वादात कोंडीत सापडले म्हणजे एक आडवाट घेतात. ते म्हणतात, मूळची व्यवस्था जन्मावर नव्हती, गुणकर्मावर होती. पुढे ती बिघडली. डॉ. आंबेडकर ह्यांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात ह्या युक्तिवादाचा समाचार घेतला होता. झेलाझ्नी कथाकार आहे. तो वाद घालीत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, आपण गुणकर्माचे बिनचूक माप करणारे यंत्रच बनवू. पूर्वजन्माचे खाते कल्पनेने मांडावयास नको, ते प्रत्यक्ष वाचता येईल. कोणाला कोणता जन्म द्यावयाचा तेही आपल्या हाती. आता तरी न्याय होईल काय? आणि त्याच्या कथेत असे दिसून येते की माप अचूक असले म्हणून काही होत नाही. काय मापावयाचे हे माप धरणारा ठरवितो. त्या यंत्रापुढे पुण्य म्हणजे आज्ञाधारकपणा आणि पाप म्हणजे प्रश्न विचारणे. कर्मविपाकाच्या सिद्धांतावर इतकी मर्मभेदी टीका, आणि तीही सिद्धांताचे सर्व म्हणणे आधी मान्य करून, आम्ही दुसऱ्या कोणत्या कादंबरीत वाचलेली नाही.

ह्याच्याच जोडीची दुसरी कल्पना म्हणजे देवपण ही एक जागा आहे, ही होय. ब्रह्मा मेला तर ब्रह्म्याची जागा रिकामी होते, आणि ती लगेच भरावी लागते. नाहीतर भक्तांत बोभाटा होतो. ज्या ब्रह्म्याशी सॅमची पहिली मुलाखत होते तो पूर्वाश्रमीची एक स्त्री आहे, आणि हे कोणी आठवून दिलेले त्याला खपत नाही. पुढे त्याचा वध झाल्यावर प्रत्यक्ष काली पुरुषदेह धारण करून ब्रह्मपदावर चढते, आणि नुकताच तिच्याशी लग्न झालेला यम एकटा राहतो. यमाचे स्वर्गाशी वैर जडते ते येथून, तत्त्वनिष्ठेने नव्हे. स्वर्गाची शस्त्रे घडविणारा, बुद्धीने सर्वांत श्रेष्ठ, आणि प्रेमात मात्र शाळकरी मुलासारखा अजाण, असा हा यम कादंबरीतील दोन उत्कृष्ट पात्रांपैकी एक आहे. दुसऱ्याविषयी पुढे सांगू.

आता आम्ही अशा एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो की जी इंग्रजी टीकाकाराच्या ध्यानात येण्याचा संभव कमी, आणि मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहू नये. देव म्हणजे बाहेरून आलेले जेते, त्यांचे अवतार म्हणजे त्यांच्या स्वाऱ्यांचे सरदार, आणि ज्यांना ते राक्षस म्हणतात ते त्या भूमीचे मूळ धनी, ही कल्पना आपल्या भाषेत नवी नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ह्या पुस्तकात, जोतीराव व धोंडीबा ह्यांच्या संवादाच्या रूपाने, मत्स्य, कच्छ, वराह, नारसिंह, वामन, परशुराम हे अवतार ह्याच रीतीने उलगडून दाखविले आहेत. बळीराजा हा त्यांच्या कथेचा नायक. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी. ह्या उलगड्यातील व्युत्पत्ती आज कोणी इतिहास म्हणून पुढे मांडणार नाही. आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत स्वतः डॉ. आंबेडकरांनाही मान्य नव्हता. परंतु आमचा मुद्दा इतिहासाचा नसून कथादृष्टीचा आहे. पुराण हे जेत्यांचे दफ्तर समजून उलटे वाचावे, ही युक्ती 'लॉर्ड ऑफ लाइट'च्या चौऱ्याण्णव वर्षे आधी पुण्यात एका मराठी लेखकाने योजिली होती. झेलाझ्नीने फुले वाचले होते असे आम्ही सुचवीत नाही. दोन माणसे एकाच वाटेने स्वतंत्रपणे गेली, एवढेच.

परंतु वाट एक असली तरी दोघे उभे कोठे आहेत हे पाहिले पाहिजे. फुले बळीच्या बाजूस उभे राहतात. दसऱ्याच्या ओवाळणीत घरोघर बळीच्या राज्याची जी आठवण निघते, तिच्यात त्यांना हरलेल्या लोकांचा जपून ठेवलेला स्वर ऐकू येतो. झेलाझ्नीच्या ग्रहावरील मूळचे रहिवासी, ज्यांना तो 'राकाश' असे काहीसे मोडके नाव देतो, ते देह टाकून केवळ तेजोरूपाने राहिलेले प्राचीन जीव आहेत. त्यांना जिंकून डोंगराखालच्या एका विवरात कोंडून ठेवले कोणी? आमच्या कथानायकाने, 'बंधक' ही त्याची आद्य पदवी. पुढे देवांशी लढण्यासाठी सैन्य हवे म्हणून तोच त्यांना सोडावयास जातो. त्यांचा अग्रणी तारक काही दिवस सॅमच्याच शरीरात शिरून त्याला यथेच्छ नाचवितो, आणि दोघांची मने परस्परांत मिसळून जातात, हे चौथे प्रकरण कल्पकतेच्या दृष्टीने सरस आहे. तथापि राकाशांना आपला ग्रह परत मिळावा, हा प्रश्न कादंबरीत तडीस जातच नाही. त्यांना जुगाराचा नाद आहे, पैज लावण्यास ते नेहमी तयार असतात, आणि ह्या गमतीच्या आड त्यांचा मूळ दावा हळूच बाजूस सारला जातो. जितांना विनोदी स्वभाव देऊन त्यांची तक्रार विसरावयास लावणे ही जेत्यांच्या वाङ्मयातली जुनी रीत आहे, आणि इतका चतुर लेखकही तिच्यातून सुटलेला नाही.

हीच गोष्ट बुद्धाच्या बाबतीत अधिक गुंतागुंतीने घडते. कर्माधिपतींची कचेरी मोडून सॅम निसटतो तेव्हा स्वर्गाशी उघड सामना करण्याची शक्ती त्याच्यात नसते. म्हणून तो पृथ्वीवरचा एक जुना धर्म आठवतो, पीतवस्त्र धारण करतो, आणि आलुंदिल नगराजवळच्या वनात धर्मोपदेश करू लागतो. त्याची स्वतःची ह्या उपदेशावर श्रद्धा नाही; देवळांचे उत्पन्न व देवांचा धाक कमी करणे हा त्याचा हेतू. कालीने त्याच्या वधासाठी धाडलेला रिल्ड नावाचा मारेकरी आजारी पडून त्याच वनात येतो, भिक्षू त्याची शुश्रूषा करतात, आणि बरा झाल्यावर तो शस्त्र टाकून शिष्य होतो. गुरू ज्या धर्माचे सोंग आणीत होता तो धर्म शिष्याला खरोखरच प्राप्त होतो. आपण बनावट बुद्ध असून खरा बुद्ध आपल्यासमोर बसला आहे, हे सॅम ओळखतो. आणि साक्षात यम वनाकडे निघाला असे कळल्यावर हा सुगत शांतपणे उठतो, नदीपाशी त्याला आडवा होतो, आणि मरतो. आम्ही वर ज्याचा उल्लेख केला ते दुसरे उत्कृष्ट पात्र हेच. सबंध कादंबरीत एवढ्याच ठिकाणी खालून आलेला एक माणूस वरच्यांच्या डावपेचांहून मोठा होतो.

ही कादंबरी लिहिली गेली त्याच्या अवघी अकरा वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला होता. जन्मावर उभारलेल्या उच्चनीचतेविरुद्ध बुद्धाचा आश्रय, हा प्रसंग कल्पित ग्रहावर नव्हे तर महाराष्ट्रात घडून गेलेला होता. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे अशा आशयाची एक प्रतिज्ञा आहे. आणि १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या आंबेडकरांच्या ग्रंथाच्या उपोद्घातात कर्म आणि पुनर्जन्म ह्यांचा रूढ अर्थ बुद्धमताशी कसा जुळावा हा प्रश्नच मुळाशी घेतलेला आहे. ह्याच्याशी ताडून पाहिले असता झेलाझ्नीची उणीव स्पष्ट दिसते. त्याचा बुद्ध कल्कीही आहे. म्हणजे ज्या अवतारमालिकेतून बुद्धाला बाहेर काढण्याचा प्रयत्न नागपुरास झाला, तिच्यातच तो त्याला पुन्हा गोवतो. त्याच्या कथेत धर्म बदलणारे लोक हा एक अस्पष्ट घोळका आहे. वर्णाच्या पायरीवरून खाली ढकललेला माणूस नवा धर्म घेतो तेव्हा त्याच्या घरात, त्याच्या नावात, त्याच्या पाणवठ्यावर काय घडते, ह्याची लेखकाला जिज्ञासाच दिसत नाही. एका रिल्डवर त्याने सर्व भागविले, आणि त्यालाही लवकर मारून टाकले.

कोणी म्हणेल की ही अद्भुत कथा आहे. समाजशास्त्राचा ग्रंथ नव्हे. तिच्याकडे पाणवठा कसला मागता? हा आक्षेप आम्हांस मान्य झाला असता, जर कादंबरीने स्वतःच तो प्रश्न उभा केला नसता. लोकांना विद्या द्यावी, यंत्रे द्यावी, कर्माची कचेरी मोडावी, ह्यासाठीच तर सॅमचा लढा आहे. कीनसेटचे युद्ध ह्याच कारणासाठी होते. त्या नगराने परवानगीवाचून प्रगती केली हा त्याचा अपराध. त्या युद्धात देव जिंकतात खरे, परंतु इतके देव मरतात की स्वर्ग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. मग सातव्या प्रकरणात निर्ऋती नावाचा तिसराच शत्रू निघतो. वैदिक वाङ्मयात निर्ऋती ही विनाशाची देवता, आणि पुढे नैर्ऋत्य दिशेचा दिक्पाल, हे वाचकांस ठाऊकच आहे. येथे मात्र तो यानावरचा जुना ख्रिस्ती धर्मोपदेशक असून, ह्या सर्व मूर्तिपूजक स्वर्गाचा निःपात करण्यास प्रेतांची सेना घेऊन निघाला आहे. एका धर्मसत्तेच्या जागी दुसरी धर्मसत्ता येऊ पाहते, तेव्हा कालचे वैरी एकत्र होतात. ही कल्पना मार्मिक आहे. लेखकाने आपल्या देशात रूढ असलेल्या धर्मालाही ह्या कथेत सूट दिलेली नाही, हे त्याच्या निःपक्षपातीपणाचे लक्षण समजावे.

पण शेवटची लढाई आटोपते, आणि मग? नवे शरीर देणारी यंत्रे आता कोणाच्या ताब्यात गेली? वानर झालेल्यांना माणूस कोणी केले? ज्याच्या खात्यावर प्रार्थना कमी भरल्या म्हणून ज्याला रोगट देह मिळाला, त्याची दाद कोणापुढे? ज्या वर्णांच्या नावाने सर्व कारभार चालला, ते वर्ण दुसऱ्या दिवशी सकाळी उठले की विरघळले? ह्यांविषयी कादंबरीकार विस्ताराने काही सांगत नाही. तो लगेच पुराणकथेचा स्वर लावतो. सॅम गेला; कसा गेला ह्याविषयी निरनिराळ्या संप्रदायांत निरनिराळ्या कथा आहेत; त्यांतली कोणतीही घ्या. पुराण उलटे वाचावयास निघालेला लेखक अखेरीस स्वतःच एक पुराण रचून निघून जातो. कथा म्हणून हा शेवट सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु युद्ध संपल्यानंतरचा काळ हाच खरा कठीण, हे अमेरिकन लेखकास तरी सांगावयास नको होते. त्यांची यादवी १८६५ साली संपली व गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' पुस्तक ज्यांना कृतज्ञतेने अर्पण केले ते अमेरिकेतील सदाचारी लोक, ते ह्याच कारणाने. परंतु १८७७ साली दक्षिणेतून केंद्रसत्तेचे सैन्य निघाले आणि मुक्त झालेल्यांचे हक्क एकामागून एक हिरावले गेले. त्यांतले काही कायद्याने परत मिळावयास १९६४ व १९६५ ही साले उजाडावी लागली. म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या दोनतीन वर्षे आधी! लेखकाच्या घराबाहेर जो प्रश्न रस्त्यावर उभा होता, तो त्याच्या ग्रहावर शेवटपर्यंत पोचला नाही.

ह्या पुस्तकाच्या बाहेरच्या चरित्रातील एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७९ च्या सुमारास त्याचा चित्रपट काढण्याचा घाट घातला गेला होता, आणि जॅक कर्बी ह्या नामांकित चित्रकाराने त्यासाठी स्वर्गनगरीची चित्रेही काढली होती. चित्रपट झाला नाही. पण ती संहिता व ती चित्रे, नाव बदलून, अमेरिकन गुप्तहेर खात्याने १९८० साली तेहरानमध्ये अडकलेल्या आपल्या सहा माणसांना बाहेर काढण्यासाठी सोंग म्हणून वापरली. सोंगाने आणलेल्या धर्मातून खरा बुद्ध निघाला अशी कथा सांगणाऱ्या पुस्तकाचे स्वतःचेच सोंग व्हावे, आणि त्यातून सहा जिवांची खरी सुटका व्हावी, हे झेलाझ्नीला आवडले असते.

भाषेविषयी दोन शब्द. झेलाझ्नी कधी बायबलच्या भाषांतरासारखा गंभीर बोलतो, तर कधी एकदम खानावळीतल्या गप्पांसारखा. आणि ह्या दोहोंच्या सांध्यावर त्याचा विनोद उभा असतो. एका शाब्दिक कोटीसाठी त्याने एक संपूर्ण प्रसंग रचला आहे. ती कोटी मराठीत येणार नाही, आणि तिच्या मागे कोणी लागूही नये. पुस्तक मराठीत आणावयाचे झाल्यास भाषांतरकारापुढे खरी अडचण वेगळीच येईल. इंग्रजी वाचकाला यम, रात्री, कुबेर ही नावे कानास अपरिचित व गूढ लागतात, आणि लेखकाचा अर्धा परिणाम त्या गूढतेवर अवलंबून आहे. आपल्या वाचकाला ती घरातली नावे आहेत. तेव्हा त्या देवांना संस्कृतप्रचुर बोलावयास लावून किल्ली चुकवू नये. ते मुळात यानावरचे खलाशी आहेत. त्यांना खलाशांसारखेच बोलू द्यावे, आणि भक्त जवळ आले म्हणजे तेवढा त्यांचा स्वर बदलावा.